दोघांचा रेटा

आमच्या लग्नात मानपान झाले, जेवणावळी झाल्या, फक्त नवराबायकोनं बोलायचं कुठं, एवढंच ठरवायचं राहिलं. सातपूरला दोन खोल्या आणि त्यात सासू-सासरे, दोन दीर, नणंद. ह्यांच्याकडे मान वर करून बघितलं तरी सासूबाई खाकरायच्या.

हे सुतार. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडला इमारती उठत होत्या. स्लॅब भरला की भिंती येईपर्यंत कुणी खाली पडू नये म्हणून उघड्या कडेला लाकडी कठडा ठोकायचं काम ह्यांचं. मी तिथेच स्लॅबला पाणी मारायला जायची. हे फळ्या खांबांच्या आतल्या अंगानं ठोकत. बाहेरून ठोकल्या तर धक्क्यानं खिळे उपसतात, आतून ठोकल्या तर फळी खांबावरच दाबली जाते. ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं.

कठडा झाला की हाक यायची, "ये गं, रेट जरा." मग खांद्याला खांदा लावून आम्ही दोघं फळी रेटायचो. ह्यांचं म्हणणं, दोघांचा रेटा सोसला तर एकट्याची काळजी नाय. फळी कुरकुरली नाही तरी हे बाजूला होत नसत. खाली द्राक्षांचे मळे दिसायचे आणि घरात न बोललेलं सगळं आम्ही तिथं बोलून घ्यायचो. बिगारी बायका हसायच्या. "तुझ्या मालकाचा कठडा लय कच्चा दिसतो बाई, रेटणं संपतच नाय."

मला दिवस गेल्याचंही मी ह्यांना तिथेच सांगितलं. ह्यांनी एकट्यानंच फळी पुन्हा एकदा रेटून बघितली. मग म्हणाले, "आता तू रेटू नको. नुसती उभी राहा."

पुढे लाकूड गेलं, लोखंडी पाइप आले. मला वाटलं, संपलं आपलं. पण पहिल्याच दिवशी हे पाइप हलवत म्हणाले, "ह्या लोखंडाचा काय भरवसा? ये गं, रेट जरा."

काविळीनं हे गेले. मला ह्यांची फार आठवण येते, संध्याकाळी जास्तच. मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीला स्टीलचा कठडा आहे. "एकदम मजबूत आहे, आई," तो म्हणतो. असेलही. मी रोज रेटून बघते. माझ्या एकटीचा भार तो सहज घेतो. दोघांचा घेतो का, ते बघायचं राहून गेलं.