ज्ञानोबाचे दोन खलनायक

"मॅडम, हाच मेकअप दुसऱ्या नाटकातबी चालंल की. व्हिलन तो व्हिलन!" कदम सर घाम पुसत म्हणाले.

मी ज्ञानोबाच्या चेहऱ्यावर बेस लावत होते. बेस म्हणजे कातडीचा रंग एकसारखा करणारा पहिला थर. माझं मानवतला पार्लर आहे, नाटकांचे मेकअपही घेते. पेडगावच्या तरुण मंडळाची त्या संध्याकाळी दोन छोटी नाटकं होती, सरांनी बसवलेली. पहिलं इतिहासातल्या एका जुलमी सरदाराचं. गावं लुटायची, घरं पेटवायची, हाच त्याचा धंदा. दुसरं एका कादंबरीवरून. त्यातला थोरला भाऊ हेव्यापोटी धाकट्याच्या शेताचा बांध फोडतो आणि त्याच पाण्यात स्वतःची लेक गमावतो.

थोरल्याचं काम करणारा नट सकाळीच पिंगळीजवळ मोटारसायकलवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. सरदार झालेला ज्ञानोबा शेळ्यामेंढ्या राखतो. सगळ्या तालमी बघून त्याला थोरल्याचे संवादही पाठ होते. म्हणून दोन्ही खलनायक त्याच्याच गळ्यात पडले.

"सर, लोक सरदाराला शिव्या घालणार. तोच चेहरा परत दिसला, तर लेक मेल्यावरही हसतील," मी म्हणाले. "दोघांत फरक काय, तेवढं सांगा."

सर म्हणाले, "सरदाराला कशाचंच काही वाटत नाही. थोरल्याला मात्र बांध फोडतानाच कळतं, आपण चुकायलोय. तरी फोडतो."

ज्ञानोबा आरशात बघत म्हणाला, "म्हंजी सरदाराला झोप लागत आसंल."

"ढाराढूर!" सर म्हणाले.

"आन् थोरल्याला न्हाई. माजं एक कोकरू हिरीत पडलं, तवा माजा लय दिवस डोळा लागला न्हवता."

मला तेवढं पुरलं. व्हिलनसाठी ठरवलेले लाल डोळे, जाड भुवया, सगळं रद्द. सरदाराला टवटवीत गाल, तुकतुकीत कपाळ आणि झुबकेदार मिशी दिली. मंडळाचे अध्यक्ष बालाजीराव डोकावले.

"ओ मॅडम, ह्यो व्हिलन हाय का नवरदेव? लय गोड दिसायलाय!"

"स्टेजवर बघा," मी म्हणाले.

स्टेजवर ज्ञानोबाने हसत हसत द्राक्षं खाल्ली आणि त्याच सुरात घरं पेटवायचा हुकूम दिला. मग पुढच्या रांगेतली एक आजी उठून ओरडली, "मुडद्या, तुला पटकी येवो!" बालाजीराव खूश.

आता दोन नाटकांच्या मधलं बक्षीस वाटप संपेपर्यंत मला दुसरा माणूस तयार करायचा होता. मिशी स्पिरिट गमने, म्हणजे कातडीला घट्ट धरणाऱ्या डिंकाने चिकटवलेली. आणि ती सोडवायचं लिक्विड पार्लरमध्येच राहिलेलं! खोबरेल तेल चोळून ओढली. ज्ञानोबा कळवळला. डोळ्यांत पाणी, ओठावरची कातडी लाल, अर्धे केस तसेच चिकटलेले. ते कात्रीने बारीक केले. बघते तर, दाढी करायचंही भान न उरलेला माणूस! गालांचा रंग पुसला, डोळ्यांखाली करडी सावली भरली आणि त्याला स्टेजवर ढकललं.

कुणीच ओळखलं नाही. लेकीला हाक मारताना त्याचा आवाज चिरकला, तसे मैदानात पदर डोळ्यांना लागले. सरही विंगेत नाक ओढत होते.

नाटक संपल्यावर तीच आजी आत आली. ज्ञानोबाचा हात धरून म्हणाली, "लेकरा, चुकलास. पर लय जिवाला लावून घेऊ नको." मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "आन् तो मेला सरदार कुटं हाय?"

"पळाला, आज्जे," ज्ञानोबा म्हणाला. "सरांनी हाकलला."

सर हसून हसून खुर्चीवरून पडायचेच बाकी होते.

नवरीचा मेकअप झाल्यावर तिच्या मावशीने तिला ओळखलं पाहिजे. नाटकात उलटं. आणि मिशी चिकटवायची असेल, तर काढायचं लिक्विड आधी बॅगेत टाकावं. नशीब दर प्रयोगाला साथ देत नाही.