तळटिपेतलं लांब नाव

तुमच्या लिखाणातून माहिती सांगणाऱ्याचं नाव कधी गाळलंय तुम्ही? पेडगावच्या आश्रुबानं गाळलं. रझाकारांच्या काळात त्याच्या चांगुणाआत्यानं रानात लपलेल्यांना भाकरी पोचवल्या होत्या. तिचंच ऐकून त्यानं १९७४ साली कॉलेजात इतिहासाचा निबंध लिहिला. पण मजुरी करणाऱ्या बाईचं नाव तळटिपेत द्यायची त्याला लाज वाटली. न वाचलेल्या एका जाडजूड पुस्तकाचं नाव ठोकून दिलं. सरांनी वर्गात वाहवा केली.

घरी लिहिता-वाचता न येणाऱ्या आत्यानं वही मागितली. "माझं नाव कुठं हाय रे?"

"हे काय," म्हणत त्यानं पुस्तकाच्याच नावावर बोट ठेवलं.

"बया! एवढं लांब हाय व्हय माझं नाव?" आत्या हसली. तिनं त्या ओळीवरून मायेनं पदर फिरवला, वही कपाळाला लावली.

आश्रुबाची मान वर होईना.

तुम्हाला सांगणारी आत्या जिवंत असेल, तर आजच वही उघडा आणि तिचं नाव लिहा.