दुधाच्या मापानं मोजलेलं जहाज

"साडेआठशे टन?"

चीफ ऑफिसर मुकादमांनी माझ्या हातातला कॅल्क्युलेटर काढून घेतला, आकडा वाचला आणि थर्मामीटर झटकतात तसा झटकला. आकडा उतरला नाही.

"सुर्वे, साडेआठशे टन कोळसा कमी? मी काय खिशात घालून नेला?"

मी चेहरा गंभीर ठेवला. गंभीर चेहरा हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत भरवशाचं उपकरण. ते फुटत नाही. बाकीची फुटतात. त्यातलं एक सकाळीच फुटलं होतं, पण ते मुकादमांना माहीत नव्हतं.

मी ड्राफ्ट सर्व्हेयर आहे. रत्नागिरीत सर्व्हेयर म्हटलं की लोकांना जमीन मोजणारा वाटतो. आमच्या आळीतले लोक अजून मला बांधाच्या भांडणात बोलावतात, आणि चहा मिळत असल्यामुळे मी जातो. माझं खरं काम मात्र जहाजातला माल मोजायचं. चाळीस-पंचेचाळीस हजार टन कोळसा कुठल्या काट्यावर ठेवणार? मग जहाजालाच काटा करायचा. जहाजाच्या अंगावर पुढे, मधे आणि मागे आकडे रंगवलेले असतात. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं. म्हणजे जहाज किती बुडालंय ते कळतं. त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं, तेवढं त्याचं वजन. त्यातून रिकाम्या जहाजाचं वजन, तेल, टाक्यांतलं पाणी वजा केलं की उरला तो कोळसा. तो मालाच्या कागदांवरच्या आकड्याशी जुळायला हवा.

यात एक मेख आहे. सगळं पाणी सारखं नसतं. विहिरीत ज्याला हात मारावे लागतात तो समुद्रात नुसता पडून राहतो, कारण मिठामुळे समुद्राचं पाणी जड असतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन एक किलो, तर समुद्राच्या पाण्याचं त्याहून पंचवीस ग्रॅम जास्त. ही झाली घनता. कॉलेजात केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात ती होती. मला वाटलं होतं, परीक्षेनंतर तिचा संबंध संपला. पंचवीस ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण जहाजानं पन्नास-पंचावन्न हजार टन पाणी बाजूला सारलेलं असतं. चिमटीतली चूक तिथे डोंगराएवढी होते.

घनता मोजायची ती हायड्रोमीटरनं. हायड्रोमीटर म्हणजे काचेची बंद नळी, बुडाशी शिसं, मानेवर आकडे. पाण्यात सोडली की उभी तरंगते. पाणी जड असेल तर जास्त वर येते, हलकं असेल तर खाली बसते. फार नाजूक वस्तू. त्या दिवशी सकाळी मी ती मऊ टॉवेलात गुंडाळली, गाडीच्या सीटवर जपून ठेवली आणि तिच्यावर बसलो.

आवाज फारसा झाला नाही.

दुसरा हायड्रोमीटर मुंबईच्या ऑफिसात. जहाजावर त्यांचा स्वतःचा असतो, पण मी माल घेणाऱ्या पार्टीचा माणूस. समोरच्या पार्टीकडे यंत्र मागायचं म्हणजे वऱ्हाडानं नवरीकडे मंगळसूत्र मागण्यासारखं. तेवढ्यात नाक्यावर साळव्यांचं दूध संकलन केंद्र दिसलं आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. लॅक्टोमीटर म्हणजे दुसरं काय? तीच काच, तेच शिसं. नुसते आकडे दुधाच्या बेताचे. दूध साधारण तीसवर, समुद्र पंचवीसवर. शेजारीच!

"कशाला हवा?" साळव्यांनी विचारलं.

"पाणी तपासायचंय."

"आम्ही दुधात पाणी बघतो. तुम्ही काय पाण्यात दूध बघताव?"

"जहाजाचं काम आहे."

"न्या. पण संध्याकाळचं दूध यायच्या आत आणा. आणि बसू नका त्याच्यावर."

मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या पँटीला मागे काच लागली होती.

आता जहाजाकडे येतो. आपल्या जिल्ह्यात खाड्यांना तोटा नाही. त्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी हे जहाज लागलं होतं. खाडीचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे काम मिळवायचंय. गणपती नुकतेच गेले होते, पण पाऊस जायचं नाव घेत नव्हता. आदल्या दोन दिवसांत घाटाकडे धो धो कोसळला होता.

मुकादम इथलेच. खाडीपलीकडच्या गावचे. नऊ महिने ब्राझीलपासून इंडोनेशियापर्यंत फिरून त्यांचं जहाज नेमकं त्यांच्या अंगणासमोर येऊन लागलं होतं. त्यांच्या जागी येणारा माणूस जहाजावर हजर झाला होता, कागदपत्रं झाली होती, बॅग भरून दाराशी ठेवली होती. राहिली होती फक्त माझ्या सर्व्हेवरची त्यांची सही. ती झाली की खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून दुपारच्या जेवणाला घरी.

"ते लाल कौलांचं, माडाच्या डावीकडे," मी चढून गेल्या गेल्या त्यांनी दाखवलं. "अम्मी अंगणात उभी आहे बघा."

खरंच, पलीकडे कुणीतरी पांढरी ओढणी हलवत होतं. एरवी पाण्याचा नमुना घेताना चीफ ऑफिसर सर्व्हेयरच्या डोक्यावर उभा असतो. मुकादम कठड्याला टेकून ओढणीला हात करत होते. त्यांचं लक्ष नाही हे बघून मी खूष झालो. गाय कुणाला दिसायला नको होती. लॅक्टोमीटरच्या डबीवर गाईचं चित्र होतं.

नमुना घ्यायची आमची खास बाटली असते. ती दोरीनं खोल सोडायची, झटका द्यायचा, मग बूच निघतं आणि तिथलंच पाणी भरतं. असं वर, मधे, तळाशी, तीन पातळ्यांवर करायचं. बाटली गाडीत होती. गाडी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होती. पाऊस भुरभुरत होता. मी तिथली बादली उचलली, जहाजाच्या पुढे, मधे आणि मागे अशी तीनदा टाकली आणि तीन नमुन्यांचा नियम पाळल्याचं समाधान मिळवलं. बादलीतलं पाणी तांबूस होतं. एवढं तांबडं पाणी समुद्रात कुठून आलं, असा प्रश्न दुसरीतल्या पोरालाही पडला असता. मी दुसरी चांगल्या मार्कांनी पास झालेलो.

लॅक्टोमीटर सोडला. आकडा आला दोन. म्हणजे जवळजवळ गोडं पाणी. यंत्र जे दाखवतं ते लिहायचं, असं आम्हाला शिकवलंय. मी लिहिलं. राहिलेलं पाणी पुरावा म्हणून माझ्या रिकाम्या स्टीलच्या बाटलीत भरलं. बायको दोन सारख्या बाटल्या देते, एकीतलं पाणी येतानाच संपलं होतं. वर जहाजाच्या ऑफिसात जाऊन हिशेब मांडला आणि साडेआठशे टन कोळसा हवेत गेला.

मुंबईत साहेबांना फोन लावला. करंदीकर साहेब कमी बोलतात, पण जे बोलतात ते लागतं.

"साडेआठशे टन म्हणजे किती ट्रक होतात, सुर्वे?"

"बरेच, सर."

"बरेच ट्रक समुद्रात कुणी पळवले?"

"तसं सांगता येत नाही, सर."

"मग काय सांगता येतं? ड्राफ्ट परत वाचा. टाक्या परत मोजा. चूक तुमची निघाली तर तुम्ही दिसू नका. त्यांची निघाली तर त्या चीफ ऑफिसरला सोडू नका."

फोन स्पीकरवर होता.

मुकादमांचा चेहरा उतरला. माल कमी भरला की पहिलं बोट चीफ ऑफिसरकडे. कंपनी त्यांना खुलाशासाठी थांबवणार, पुढचं जहाज मिळायची मारामार, आणि आजचं जेवण तर गेलंच. टाक्या परत मोजायच्या म्हणजे डेकवर फिरत एकेका टाकीत टेप सोडायची. आम्ही भिजत फिरलो. दर दोन टाक्यांना त्यांचा फोन वाजायचा.

"हो अम्मी. येतोय. नाही, अजून एक माणूस मोजतोय... काय मोजतोय ते त्यालाच ठाऊक... नाही, सुरमई परत गरम करू नकोस!"

टाक्या बरोबर. ड्राफ्ट बरोबर. आम्ही ऑफिसात परतलो. मी रुमाल काढायला खिशात हात घातला आणि गाईची डबी टेबलावर पडली.

मुकादमांनी ती उचलली. "हे काय?"

"हायड्रोमीटर."

"ह्याच्यावर गाय का आहे?"

"कंपनीचं चिन्ह."

त्यांनी डबी उघडली, नळी बाहेर काढली, मानेवरची अक्षरं वाचली. मग शांतपणे म्हणाले, "माझी आई तिकडे तिसऱ्यांदा मासे गरम करतेय, आणि तुम्ही माझं जहाज दुधाच्या मापानं मोजलंत?"

मग मात्र ते शांत राहिले नाहीत. इतक्या वर्षांच्या दर्यावर्दी नोकरीत त्यांनी बंदरोबंदरी जे जे शब्द गोळा केले होते, त्यांतले निवडक मला ऐकवले. काही मला समजले नाहीत. ते बहुधा पोर्तुगीज असावेत.

मनातून मला हलकं वाटलं. चूक सापडली होती! दोष गाईचा! मुकादमांनी जहाजाचा हायड्रोमीटर आणला, त्याचं सर्टिफिकेट माझ्या नाकासमोर धरलं, पेल्यात बाटलीतला नमुना ओतला आणि नळी सोडली.

आकडा आला एक पूर्णांक शून्य शून्य दोन. लॅक्टोमीटर फक्त शेवटचे आकडे दाखवतो, आणि त्याचाही दोनच होता.

"गाय खरं बोलतेय," मुकादम खुर्चीत टेकत म्हणाले.

दोन यंत्रं, एक आकडा, आणि आकडा बरोबर. गणित बरोबर, टाक्या बरोबर. तरी साडेआठशे टन कोळसा नाही. मी बाटली उचलली आणि घटाघटा पाणी प्यायलो.

चव जरा मचूळ होती. मीठ कमी आणि साखर विसरलेलं सरबत असतं तशी. जहाजाच्या आसपास सगळंच असं लागत असेल, असं वाटून मी आणखी दोन घोट घेतले.

"सुर्वे."

"हं?"

"ते सॅम्पल होतं."

मी बाटलीकडे बघितलं. टेबलावर तिची जुळी बहीण तशीच उभी होती, भरलेली. नमुन्याच्या बाटलीवर लेबल लावावं, हा आमचा पहिला नियम. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालू नये, हा त्याच्याही आधीचा.

"समुद्राचं पाणी प्यायलात," मुकादम म्हणाले, "नि तुम्हाला कळलंसुद्धा नाही?"

"खारट नव्हतं हो."

"खारट नव्हतं?"

"घोटभर पिता आलं म्हणजे..." मी थांबलो. तेही थांबले. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच दिवा बहुधा एकाच वेळी लागला. श्रेय मी घेतो, कारण पाणी मी प्यायलो होतो.

घाटातून आलेलं पावसाचं पाणी तांबडी माती घेऊन खाडीत उतरलं होतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते समुद्रावर तरंगत होतं, दुधावर साय असते तसं. माझ्या बादलीनं तीनदा नुसती साय उचलली होती. आणि जहाज तर दहा-अकरा मीटर खोल, खाली अस्सल खाऱ्या पाण्यात पोट सोडून बसलं होतं. मी ते सगळं पाणी हलकं धरलं, म्हणून कागदावर जहाजही हलकं झालं होतं.

"सॅम्पल कशानं काढलंत?"

"बादलीनं."

"बादली! माझं लक्ष अम्मीकडे होतं. तुमचं कुठे होतं?"

"गाईकडे."

या वेळी बाटली आणायला मुकादम माझ्याबरोबर धक्क्याच्या टोकापर्यंत आले. आले म्हणजे मला पळवत नेलं. मग त्यांनी स्वतः दोरी धरली. वरचं पाणी, त्याखालचं, मधलं, तळाचं, दोन्ही बाजूंनी. वर दोन, थोडं खाली गेलं की एकदम चढ, आणि तळाशी चोवीस. सगळ्यांची सरासरी एक पूर्णांक शून्य एक आठ. जहाजाच्या हायड्रोमीटरनं मोजून तेच रिपोर्टात लिहिलं. हिशेब परत मांडला. कोळसा वीसेक टन कमी भरला. एवढ्या मालात वीसेक टन म्हणजे काहीच नाही, तेवढा फरक दोन्ही पार्ट्या सोडून देतात.

साहेबांना कळवलं. "चूक कशात होती?" त्यांनी विचारलं.

"सॅम्पलिंगमध्ये, सर."

"कशी सापडली?"

"चव घेऊन, सर."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मुकादमांनी सही केली आणि बॅग उचलली. तरीत बसून ते पलीकडे जाताना मी कठड्यावरून बघितलं. पांढरी ओढणी अजून हलत होती. त्यांनी वळून मला हात केला. मीही केला, पण फार वेळ नाही, कारण तोपर्यंत घाटमाथ्यापासून खाडीपर्यंतचं सगळं पाणी माझ्या पोटात बोलायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमांचा भाऊ घरी डबा देऊन गेला. सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या. बायको आणि मुलगी जेवल्या. मी पेज प्यायलो. मग बायको औषधाच्या दुकानातून आणलेली मीठ-साखरेची पुडी तांब्यात कालवायला लागली.

"एक लिटर पाणी मोजून घे," मी पडल्या पडल्या म्हणालो. "अंदाजे नको. आणि नीट ढवळ, मीठ तळाशी बसतं."

तिनं चमचा थांबवला. "एवढी अक्कल काल बादली टाकताना कुठे होती?"

लॅक्टोमीटर आदल्या संध्याकाळच्या दुधाच्या आत पोचला नव्हता, तो आता मुलीच्या हातून साळव्यांकडे पाठवला. त्यांनी चौकशी केली की जहाजाचं काय निघालं. तिनं अठरा सांगितलं. "अठराचं दूध मी परत पाठवतो," असा त्यांचा निरोप आला.

यंत्रानं त्याला दिलेलं पाणी चोख मोजलं. जहाज कुठल्या पाण्यात उभं आहे हे बघणं त्याचं काम नव्हतं, ते माझं होतं. तेव्हापासून मी बादलीला हात लावत नाही. बायकोनं नेलपॉलिशनं एका बाटलीवर 'प्यायचं' आणि दुसरीवर 'मोजायचं' असं लिहून दिलंय. तरी प्यायच्या आधी मी हुंगून बघतो.