कुलूपवाल्याचं दार

आग लागली, भिंत पडली तर शेजाऱ्यांना कसं वाचवायचं, ते फुकट शिकवणार, असा कागद जिन्यात दिसला तेव्हाच कुलूपवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली कोण कुणाला फुकट शिकवतं? यांचं बिंग फोडायचंच, म्हणून तो शाळेत भरणाऱ्या त्या वर्गाला जाऊन मागच्या बाकावर बसला.

शिकवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या विचारलं, "तुमच्या इमारतीत एकटं कोण राहतं?"

घ्या, चोरांचीच टोळी. तो पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकला. पण समोरच्या घरातली शिंपीणमावशी बोललीच, "हे काय, हेच राहतात. दाराला कुलपांवर कुलपं. उद्या आत पडले तर यांना बाहेर कसं काढायचं?"

"माझ्या कुलपांना हात लावणारा अजून जन्माला यायचाय," तो गुरगुरला.

"मग ते दार बाहेरून कोण उघडू शकतं?" बाईंनी विचारलं.

"मी," तो तोऱ्यात म्हणाला. "फक्त मीच."

कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या वर्गाला तो सगळ्यांच्या आधी आला. रात्री कानशीने घासून बनवलेल्या नव्या किल्ल्यांचा जुडगा मावशीच्या हातात ठेवत त्याने बजावलं, "मी हाक मारल्याशिवाय उघडायचं नाही."

मावशी म्हणाली, "आणि हाक नाही आली तर?"