मनुरेवातली जपानी रडगाणी

न्यूझीलंडने सर्वांत आधी माझ्या चपला धुतल्या. ऑकलंडच्या विमानतळावर एका धिप्पाड, हसऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, "पादत्राणांना माती वगैरे?" मी खरं बोलणारी बाई. म्हटलं, "असेल. आठवड्यापूर्वीच मोर्चा होता." त्याने माझ्या चपला आत नेल्या, ब्रशने घासल्या, कसलंसं औषध फवारलं आणि ओल्याच परत आणून दिल्या. तोवर मी अनवाणी उभी. परक्या मातीची एवढी धास्ती असलेल्या देशात माझं तीन आठवडे कसं निभावणार, हा प्रश्न तेव्हाच पडला होता.

मी नाशिकला घरकामगार बायकांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते आणि जे ती वाचत नाहीत त्यांच्या दारात जाऊन वाचून दाखवते. समुद्रापलीकडे जाण्याची मला हौस नव्हती. पण शैलामावशी दर रविवारी फोनवर म्हणायची, "ये गं एकदा." मावशी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिच्या एकुलत्या एका मुलाने, निखिलदादाने, गेल्या वर्षी तिला ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात नेलं. दादा मध्य ऑकलंडमध्ये आयटीत, अश्विनीवहिनी नर्स, त्यांची ईरा सहा वर्षांची. मावशीला का नेलं हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी गेले ते खरं तर डोळ्यांनी बघायला.

विमानतळावरून घरी जाताना गाडीत गाणं लागलं होतं. एक बाई परक्या भाषेत, जणू दारामागून, मुसमुसत गात होती. "जपानी," दादा म्हणाला. "आईचं नवं वेड." मागच्या सीटवर मावशी डोळे मिटून ओठ हलवत होती. आम्ही शाळेत होतो तेव्हा ती रामरक्षा अशी म्हणायची.

मनुरेवा म्हणजे बुटकी लाकडी घरं, प्रत्येकापुढे कापलेली हिरवळ, आणि डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा असल्यामुळे बहरलेली पोहुतुकावाची झाडं (आपल्या गुलमोहरासारखी लालभडक, पण फूल ब्रशसारखं). रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड. सकाळी साडेसहाला दादा ट्रेनने जायचा, वहिनी तिच्या पाळीप्रमाणे, आणि घर मावशीवर. डबे, कपडे, ईराची शाळा, ईराची वेणी. मावशी ईराशी मराठीत बोलायची. ईराला सगळं समजायचं. उत्तर इंग्रजीत यायचं.

"ईरा, वरण घालू का गं?"

"नो थँक्स, आजी."

दिवसातून पन्नासदा हे ऐकून माझं डोकं फिरायचं. मावशी मात्र प्रत्येक वेळी पुन्हा मराठीतच विचारायची.

तिसऱ्या दिवशी औषधाने कुजलेला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावरच्या डेअरीत (दुधापासून माचिसपर्यंत सगळं विकणारं दुकान) जँडल (रबरी स्लीपर) घेतल्या. दुकानदार सुरतचे काका. "किआ ओरा, बेन," असा तिथला माओरी नमस्कार त्यांनी घातला. मग मी कुणाकडची ते कळल्यावर, "ते टीचरबेन? ते रोज दूध घेताना गुणगुणते. हूं समजलो भजन. एक दिवस विचारला तर बोलते, जापानी छे. छोकराने छोकरी छोडी गई."

छोकरीने छोकऱ्याला, छोकऱ्याने छोकरीला. एवढाच मामला. रविवारी आम्ही पश्चिमेकडच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. रस्ता दाट नेच्यांच्या जंगलातून, शेवटच्या वळणावर खाली एकदम समुद्र. सुंदर, मान्य. पण जाता-येता तीच गाणी, आणि मावशी अर्थ सांगत होती. पहिल्या गाण्यात मुलगी स्टेशनवर उभी आहे, तो गाडीत बसून जातो, ती हात हलवते. दुसऱ्यात मुलगा तिची छत्री परत करायला जातो आणि परत न करताच येतो. तिसऱ्यात फोन हातात धरून कुणीतरी एक अख्खा हिवाळा काढतं.

"आणि बोलत का नाहीत?" मी विचारलं.

"कताओमोई (एकतर्फी प्रेम) म्हणतात त्याला. बोललं तर संपतं."

"मावशी, तोंड दिलंय कशाला? आमच्या संघटनेने हे गाणं लिहिलं असतं तर दुसऱ्या कडव्यात मागणी आली असती आणि तिसऱ्यात मुदत."

दादा हसला. मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग चाल कधी आली असती?"

मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते, ही गाणी म्हणजे गप्प बसण्याचा शिकवणीवर्ग आहे. गोड चालीत बसवलेली हार. अन्याय करणारा गाडीत बसून निघून जातो आणि जिच्यावर अन्याय झाला ती त्याला हात हलवते. असल्या गाण्यांना श्रोते मिळतात हे मालकवर्गाचं भाग्य आहे.

मावशी हे सगळं शिकली कुठे, तर बुधवारी दुपारी एक ते तीन, तिथल्या समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये. किमिकोसान नावाच्या सत्तरीच्या जपानी बाई तिथे गाणी शिकवतात. सहा-सात बायका आणि टोंगा बेटांवरचे एक आजोबा. मावशीची वही मी पाहिली होती. जपानी गाणी देवनागरीत, शिरोरेघेसह, फळ्यावरच्या अक्षरात. वर्षअखेरचा कार्यक्रम येत्या बुधवारी होता आणि मावशी पहिल्यांदा एकटी गाणार होती.

सोमवारी जेवताना दादा सहज म्हणाला, "आई, सुट्टी लागली ना, ईराचा स्विमिंगचा क्लास बुधवारी दीडला मिळालाय. तिचे टॉग्ज (पोहण्याचे कपडे) धुऊन ठेव. तू नेशील ना?"

मावशीच्या हातात रताळ्याच्या किसाची वाटी होती. तिथे रताळ्याला कुमारा म्हणतात, आणि कीस उत्तम होतो. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "बरं."

हेच ते. हेच 'बरं' मी रोज ऐकते. रविवारची सुट्टी नाही, बरं. पाहुणे आलेत, भांडी जास्त पडतील, बरं. मी घास टाकला.

"दादा, तुझ्या घरात एक बिनपगारी घरकामगार आहे. तिला आठवड्यात दोन तास सुट्टी आहे आणि तीही तू आत्ता विनाचर्चा रद्द केलीस."

वहिनी ताटाकडे बघू लागली. ईराने विचारलं, "आजी, व्हॉट्स घरकामगार?"

"जेव, बाळा," मावशी म्हणाली.

मी थांबले नाही. पत्रक पाठ असलं की थांबता येत नाही. कामाचे तास, आजारपण, वृद्धापकाळ, सगळे मुद्दे झाले. दादाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "आईला इथे एवढा जाच होतोय असं असेल, तर तिला तुझ्याबरोबरच घेऊन जा. उद्या तिकीट काढतो. आम्ही डे-केअर बघू."

"मंजूर," मी म्हणाले.

मला वाटलं, जिंकले. इतक्या लवकर एकही मालक वाकलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघी आणि टीव्हीपुढे ईरा. मावशीने वही माझ्या हातात दिली. "जाताना किमिकोसानना देऊन टाकू. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल."

मी चाळली. जपानी ओळीच्या खाली बारीक अक्षरात मराठी अर्थ, आणि समासात, पेन्सिलने, नावं. 'तू वळून पाहिलं नाहीस' याच्यापुढे: निखिल. 'माझ्या हाकेला तुझं उत्तर दुसऱ्याच वाटेने येतं' याच्यापुढे: ईरा. पानामागून पान. निखिल, ईरा, ईरा, निखिल. मुलगे-मुली, छत्र्या, स्टेशनं, सगळ्यांपुढे हीच दोन नावं.

"मावशी, हे..."

"तुला काय वाटलं, ह्या वयात मी कुणा जपानी पोरावर मरते?" ती कणीक मळत होती. "तनू, एक विचारू? काल तू मंजूर म्हणालीस ते कुणाला विचारून?"

कामगारांना न विचारता परस्पर तडजोड करणाऱ्या पुढाऱ्यांवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत. एकात 'दलाल' हा शब्द मथळ्यात आहे.

"मला जायचं नाहीये," मावशी म्हणाली. "ईरा इंग्रजीत का होईना, उत्तर देते. नाशिकला कोण देतं? मला फक्त बुधवार हवाय."

"मग सांग ना दादाला."

"सांगते. तू तेवढी तोंड मिटून बस."

संध्याकाळी दादा बूट काढत होता तेव्हाच तिने सांगितलं. मी स्वयंपाकघरात, ओठ दाताखाली धरून.

"निखिल, तिकीट काढू नकोस. मला इथेच राहायचंय. पण बुधवार माझा. ईराला पोहायला तू ने, नाहीतर दुसरा वार बघ."

"आधी बोलायचंस ना, आई."

"आधी बोलले असते तर तू 'बघू' म्हणाला असतास."

दादा एक बूट हातात घेऊन बसला. माझ्या मुद्द्यांनी जे झालं नव्हतं ते असं दारातल्या पायपुसण्यावर झालं. क्लास शुक्रवारवर गेला, वहिनी त्या दिवशी मोकळी होती. बुधवारी दादाने अर्धी रजा टाकली. वहिनी कामावर असल्यामुळे ईराही हॉलमध्ये.

तिथली एक रीत आहे. गाणारी जागेवर जाऊन बसेपर्यंत कुणी टाळी वाजवत नाही. ती शांतता तिची. मावशी इरकली साडी नेसून उभी राहिली, वही हातात न घेताच स्टेशनचं गाणं गायली. आवाज तसा साधाच आहे तिचा, वरच्या सुरांत चिरकतो. गाताना ती दादाकडे बघत होती. तो फोनवर तिचं चित्रण करत होता, म्हणजे तोही बघत होता, पण पडद्यावर.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आई, भारी झालं. काय होतं गं गाण्यात?"

"एक मुलगी असते, स्टेशनवर उभी. तो गाडीत बसून जातो."

"बिचारी," दादा म्हणाला.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. वही माझ्याच पिशवीत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं माहीत होतं, समोर ऐकायला माणूस होता, आणि मी गप्प राहिले. ईराने आजीचा हात धरला. "कॅन वी गेट आइस्क्रीम?" मावशीने मराठीत विचारलं, "कुठलं हवंय?"

ही गाणी रडकी आहेत, हे माझं मत आजही तसंच आहे. छत्री परत करावी आणि बोलून मोकळं व्हावं, असंच मी म्हणेन. पण नाशिकला परतल्यावर पहिल्याच बैठकीत नव्या मागण्यांचं पत्रक माझ्या पिशवीत तयार होतं, विमानात लिहिलेलं. ते मी काढलं नाही. समोर कमलताई बसल्या होत्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. माझ्या पायांत मनुरेवाच्या त्या स्लीपर.

"ताई, तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

त्यांनी पदर सारखा केला, खिडकीकडे पाहिलं. असं कुणी विचारलं नव्हतं बहुधा. मला दोनदा उत्तर सुचलं, त्यांच्या वतीने. मी ते गिळलं आणि थांबले.