विहाराचा गालिचा आणि तर्री

जरीपटक्याच्या आमच्या वस्तीत पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी एकेका घरी वंदना आणि ग्रंथवाचन असते. विहाराचा मोठा मरून गालिचाही त्यासोबत घरोघरी फिरतो. वाचन झाले की त्याच घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी. महिला मंडळाने वर्गणी काढून तो इतवारीतून आणला, आणि त्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्ष पार्वतीबाईंनी नियम केला: गालिचा ज्या घरी, त्या घरचे जनावर बाहेर.

विरोध एकट्या तुळसाबाईंचा.

"माही तर्री माणसाहून साफ आहे," त्या भर बैठकीत म्हणाल्या. "तिनं घाण केलीच तर पाठवून देतो तिले बुटीबोरीले, अश्विनकडे. मंग तर झालं?"

तर्री म्हणजे त्यांची मांजर. रंग पोह्यावर ओततात त्या तांबड्या तर्रीसारखा. मुलगा अश्विन बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात लागला, तिथेच खोली करून राहिला, आणि त्याच आठवड्यात ही कुठूनशी येऊन त्याच्या खुर्चीवर बसली. तेव्हापासून तुळसाबाई दिवसभर तिच्याशी बोलतात. नवरा लहानूजी निवृत्त लाइनमन, त्यांच्याशी त्या गरजेपुरते बोलतात.

तुळसाबाई मुळातच चुळबुळ्या. बसलेल्या असल्या तरी उठायच्या बेतात असल्यासारख्या दिसतात. त्यांच्याकडच्या वाचनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गालिचा गुंडाळायला वाकल्या आणि त्यांच्या नाकाला जे कळायचे ते कळले. संध्याकाळी हाच गालिचा जायचा होता नेमका पार्वतीबाईंकडे.

पहिल्या घाईत त्यांनी डागावर फिनेल ओतले. तर्री आली, तिने हुंगून पाहिले, आणि जागा ओळखीची वाटली म्हणून पुन्हा तिथेच तेच करून बसली. तुळसाबाईंनी तिला उचलून बाथरूममध्ये कोंडले आणि अश्विनला फोन लावला.

"फिनेल काहून टाकलं, आई? त्याच्यानं ती अजून तिथंच जाते. आधी कोरड्या कपड्यानं दाबून दाबून टीप. मंग पाण्यात सिरका टाकून पूस, वरून खायचा सोडा. नाहीतर गालिचा इकडे पाठवून दे. आमच्या इथं धुवाले आणि वाळवाले मशीन आहे."

"तिकडे पाठवला तर सगळ्यायले समजन. ठेव फोन."

सोडा घरात होता. सिरका आणायला लहानूजी नाक्यावरच्या प्रीतमच्या चायनीज गाडीवर गेले आणि बाटली घेऊन आले. बाटलीत हिरव्या मिरच्या तरंगत होत्या.

"हे काय आणलं जी?"

"त्याच्याकडे असाच राहते. मिरच्या काढून टाक."

गालिच्याचा तो कोपरा आता चाउमीनसारखा दरवळू लागला. बाहेर भादव्याची झड, ऊन नावाला नाही. वाळवायचा कसा? लहानूजींना कूलर आठवला. उन्हाळ्यानंतर झाकून ठेवलेले ते धूड त्यांनी ओढत आणले, गालिच्यासमोर लावले आणि चालू केले. आयुष्यभर कूलर लावला तसाच लावला, म्हणजे टाकीत पाणी भरून, पंपाचे बटण दाबून. तुळसाबाई भाजी घेऊन परत आल्या तेव्हा तो सबंध कोपरा गारेगार ओला, आणि वर कूलरच्या जाळ्यांतल्या जुन्या खसचा कुबट वास.

"जिंदगीभर लाइटीचं काम केलं ना तुम्ही?"

"लाइटीचं केलं वं, पाण्याचं नाई."

संध्याकाळी दोघांनी तो तसाच पार्वतीबाईंच्या हॉलमध्ये नेऊन अंथरला. तुळसाबाईंनी पांढरे लुगडे सावरून डागावरच बैठक मारली. कोणी म्हणाले पुढे या, कोणी म्हणाले भिंतीला टेका. त्या हलल्या नाहीत. वस्तीने त्यांना इतके स्थिर कधी पाहिले नव्हते. चुळबुळ आज पार्वतीबाईंची चालली होती. त्यांनी एक अगरबत्तीचा पुडा संपवला, दुसरा फोडला, मोरीत बादलीभर पाणी ओतून आल्या, आणि तरी नाक वर करून इकडेतिकडे पाहत होत्या. त्या नाकाची दिशा तुळसाबाई डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोजत होत्या.

वंदना झाली, पंचशील सुरू झाले. पहिली तीन शीले तुळसाबाईंनी सगळ्यांबरोबर घेतली. चौथे आले, खोटे न बोलण्याचे. सगळे म्हणाले, "मुसावादा वेरमणी..." आणि तुळसाबाई अर्ध्यावरच थांबल्या. त्या उभ्या राहिल्या. लुगड्यावर मागे ओल्या मरून रंगाचा मोठा गोल उमटला होता.

"थांबा जी जरा. वास या गालिच्याचा आहे. माह्या तर्रीनं केलं. दोनदा."

पार्वतीबाईंनी हातातली अगरबत्ती खाली ठेवली.

"गालिच्याचा आहे?" त्या म्हणाल्या. "बाई, मले वाटलं माह्या मोरीचा आहे. इतकी माणसं घरात, आणि मी तासभर मरून राहिली शरमेनं."

"मी शब्द देला होता," तुळसाबाई म्हणाल्या. "उद्या नेऊन देतो तिले बुटीबोरीले."

पार्वतीबाईंनी वाकून गालिचा चाचपला, हात हुंगला. "सिरका टाकला काय? आणि हे खस? मांजरीनं एवढं नसन केलं, जेवढं तुम्ही दोघायनं केलं."

लहानूजी हळूच म्हणाले, "अश्विन म्हणत होता, त्याच्या कारखान्यात गालिचा धुऊन भेटते."

"मंग ठरलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "बुटीबोरीले गालिचा जाईन. मांजर तिथं काय करन, अश्विन तर ड्युटीवर राहते. पण तुळसा, वापस आला का तुह्या घरी मुक्काम नाई. वाचन झालं का तवाच उचलाचा."

गालिचा गुंडाळून जिन्याखाली गेला. सगळे उघड्या फरशीवर बसले आणि चौथ्या शीलापासून पुन्हा सुरुवात झाली. या वेळी तुळसाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वाचनाला सुरुवात होते न होते तोच त्या पुन्हा उठायच्या बेतात दिसू लागल्या.

"अवो," त्या लहानूजींच्या कानाशी लागल्या, "तर्रीले बाथरूममधून काढलं काय?"

"तू कुठं सांगितलं?"

"सकाळपासून तिथंच आहे ती?"

लहानूजींनी जरा विचार केला. मग तेही उठायच्या बेतात दिसू लागले.

"माहा उद्याचा पांढरा सदरा तिथंच आहे वं," ते म्हणाले. "खाली, पाटावर."