टी-बारवर एकटी

मंडळी, मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

पहाटे वेरिबीच्या घरून निघून स्कीइंगसाठी बर्फाच्या डोंगरावर पोहोचले, तर वाऱ्यामुळे वर नेणारी चेअरलिफ्ट बंद. जुना टी-बार, म्हणजे केबलला लटकणारा उलट्या टी आकाराचा दांडा, तेवढा चालू होता. पूर्वी सगळे त्यानेच वर जायचे, आता वाऱ्याच्या दिवशीच त्याची आठवण होते.

यात पायात स्की घालून दोघांनी शेजारी उभं राहायचं, दांडा मांड्यांमागे घ्यायचा आणि तो ओढत वर नेतो. बसलं की पडलं. मी दरवेळी बसायचे. माझा नवरा निखिल म्हणायचा, "अगं, सोफा नाहीये तो!" शेवटी मी चेअरलिफ्टच धरली. मागच्या वर्षी निखिल गेला.

कोविडमुळे सध्या एका घरातल्यांनाच जोडीने सोडतात. लिफ्टवरच्या मुलीने विचारलं, "हाऊ मेनी इन युअर हाउसहोल्ड?"

मी सवयीने म्हटलं, "टू."

तिने माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"सॉरी. वन."

पहिल्यांदा लगेच पडले. दुसऱ्यांदा अर्ध्या वाटेत पडले. एकटाच माणूस असला की दांडा एका बाजूला कलतो, तो हाताने घट्ट धरावा लागतो, हे तेव्हा कळलं.

"यू कॅन वेट फॉर द चेअर," मुलगी म्हणाली.

"नो वरीज," म्हणून मी पुन्हा रांगेत उभी राहिले. तिसऱ्यांदा तिने विचारायच्या आत मी एक बोट वर केलं. या वेळी थेट वरपर्यंत गेले, उभ्यानेच.

ज्यांच्या घरातला आकडा असा बदललाय, त्यांना विचारते: तो न अडखळता सांगायला तुम्हाला किती दिवस लागले?